तळघरातलं पाणी कुठलं?

गिरणीच्या जुन्या हजेरीखोलीत गावाची पुढची वीस वर्षं एका मोठ्या टेबलावर मांडून ठेवली होती, आणि ती बघायला थेंबमास्तर सलग चौथ्या दिवशी आले होते.

पुढची वीस वर्षं पुठ्ठ्याची होती. नदी निळसर काचेची. तिच्या काठाने हिरव्या स्पंजाची झाडं. रंगाईच्या गिरणीत यंत्रांऐवजी लहान लहान कारखाने, एक वाचनालय आणि वरच्या मजल्यावर चित्रकारांना खोल्या. ओस पडलेल्या गोदामांच्या जागी काड्यापेटीएवढी नवी घरं, आणि पलीकडच्या काठाला जाणारा एक पूल, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. पुलावर बोटाच्या पेराएवढी माणसं चिकटवली होती. सगळी सडसडीत, ताठ, आणि एकाच्याही हातात पिशवी नाही. मास्तरांना त्याचं नवल वाटे. एवढी माणसं रिकाम्या हातांनी निघालीत तरी कुठे?

मास्तरांनी या गिरणीच्या रंगघरात चौतीस वर्षं रंग कालवला होता. वजनकाटा होता, पण तो नावाला. मास्तर हौदाशी वाकून बघायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "अजून एक थेंब." म्हणून थेंबमास्तर. गिरणी बंद होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी गावात कुणाला पडद्याचा रंग जुन्या पडद्याशी जुळवायचा असला की मास्तरांना बोलावत. मास्तरांचा डोळा चुकत नाही, असं लोक म्हणत. मास्तर त्यावर मान खाली घालत. पण घरी गेल्यावर ते वाक्य एकदा मनात म्हणून बघत.

टेबल त्यांना आवडलं होतं. अडचण एकच होती. गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून अकरा घरांची ओळ होती, रंगघरातल्या कामगारांची. टेबलावर ती नव्हती. तिच्या जागी नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या होत्या. भिंतीवरच्या नकाशात ती ओळ लाल रंगाने भरली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: तळघरांत नदीचा पाझर, पाया कमकुवत, इमारती उतरवणे. त्या ओळीत सात नंबरला मास्तरांची थोरली बहीण राहत होती. अक्का. नवरा रंगघराचा मुकादम होता, तो जाऊन दहा वर्षं झाली. मास्तर राहायचे चौकाजवळच्या एका खोलीत, पण दुपारचं जेवण रोज अक्काकडे.

अक्काने लाल रंग बघितला त्या दिवशी टेबलाशी उभं राहून सांगितलं होतं, "मला इथून न्यायचं तर चौघे लागतील. आणि तेव्हाही मी पायऱ्यांवरून जाणार नाही." ते अख्ख्या गावाने ऐकलं होतं.

मास्तरांच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. तीन दिवस ते तोंडापर्यंत आलेला प्रश्न गिळून घरी गेले होते. चौथ्या दिवशी खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी नकाशावाल्या बाईंना हळूच विचारलं, "पाणी नदीचंच आहे, हे कुणी सांगितलं?"

नकाशावाल्या बाई म्हणजे या सगळ्या आराखड्याच्या इंजिनियर. वय तिशीचं, पायात गमबूट, कानाला कायम पेन्सिल. त्यांनी मान वर केली. "काका, घरं नदीपासून चाळीस पावलांवर आहेत. दुसरं कुठलं असणार?"

"ते खरंच," मास्तर म्हणाले आणि जायला वळले. मग दारातून परत आले. "पण ऐन उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा तळघरातलं पाणी उतरत नाही. माझी बहीण दर महिन्याला पायरीवर खूण करते. नदी खाली जाते आणि पाणी तिथंच. मला वाटलं... म्हणजे मी काही शिकलेला नाही."

बाईंनी पेन्सिल कानावरून काढली. "खुणा आहेत?"

"सात वर्षांच्या. कोळशाने केलेल्या."

त्यांनी टेबलावरच्या काचेच्या नदीवरून पेन्सिल फिरवली. मग म्हणाल्या, "मग कुठलं असेल?"

असा प्रश्न मास्तरांना कुणी बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. बंधाऱ्यापासून गिरणीपर्यंत पाट येतो. त्यातून अजूनही बोटभर धार वाहते. रंगघराखाली ती जमिनीत शिरते, दगडी मोरीतून अंगणाखालून जाते आणि घरांच्या पलीकडे नदीत पडते, निदान पडायला हवी. मोरी कुठे फुटली असेल तर? रंगघरात कुठलाही नळ गळायला लागला की एकच रीत होती. वरून रंग सोडायचा, आणि जिथे जिथे पाणी बाहेर येतं तिथे एकेक माणूस उभा करायचा.

"पाण्याला विचारायचं," मास्तर म्हणाले आणि एवढं बोलल्याबद्दल ओशाळले.

बाईंना ही रीत ठाऊक होती. त्यांच्या खात्यात जुनी गटारं शोधायला तसला रंग असायचा, हिरवा, चमकणारा, माशांना न बाधणारा. "शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी करू."

मंगळवारी सकाळी आठ वाजता पाटाच्या तोंडाशी दोघं उभे राहिले. बाईंनी पुडी वजन करून आणली होती. मास्तरांनी पाण्यात बघितलं, धारेकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"बोला, काका."

"अजून एक चिमूट. नाही, राहू द्या. तुम्ही मोजलंय."

बाईंनी अजून एक चिमूट टाकली. पाट असा हिरवागार झाला की काठावरचं एक कुत्रं पाणी पिता पिता थांबलं आणि विचारात पडलं.

अकरा घरांना चार-चार बाटल्या वाटल्या होत्या. दहाला, बाराला, दोनला आणि चारला तळघरातलं पाणी भरून ठेवायचं. आठ नंबरच्या कुलूपवाल्याने बाटल्या घेताना विचारलं, "बाई, आजवर डॉक्टरांनी असल्या बाटल्या दिल्या होत्या. घराला काय झालंय, मूत्रपिंड?" हा कुलूपवाला म्हणजे गावाचं चालतं-बोलतं वर्तमानपत्र. त्याच्या कानावर सकाळी गेलेली गोष्ट दुपारी नदीपार पोचलेली असे, वर थोडी सजूनधजून. अक्काने मुकाट्याने बाटल्या घेतल्या. ती मुकाट्याने काही घेते, हेच नवल होतं. मास्तरांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मास्तर आणि बाई मोरीच्या मुखाशी बसले, दगडांवर, डबे उघडून. हिरवं पाणी तिथून बाहेर पडायला हवं होतं. दहा वाजले, बारा वाजले. मोरीचं तोंड कोरडं ठाक. नदी होती तशीच, मातकट, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"वर तर धार जाते आत," बाई म्हणाल्या.

"जाते."

"आणि इथे येत नाही."

"येत नाही."

"काका, मला हे काम का आवडतं सांगू? असं काहीतरी होतं म्हणून."

मास्तरांना त्या क्षणी त्या फार आवडल्या. पण चार वाजता चव्वेचाळीस बाटल्या हजेरीखोलीच्या खिडकीत रांगेने उभ्या राहिल्या आणि एकीतही हिरवा टिपूस नव्हता. बाईंनी दिवा लावून बघितला, काळा कागद मागे धरून बघितला. मग खुर्चीत बसल्या. "धार अंगणाखाली कुठेतरी मुरत असणार. तळघरात येत नाही. म्हणजे पाणी नदीचंच, काका. मला तसंच लिहावं लागेल."

कुलूपवाला म्हणाला, "चला, सामान बांधायला घेतो. पहिल्यांदा घराचं कुलूप काढतो, ते मात्र उत्तम आहे."

सगळे गेले. मास्तर बाटल्यांपाशी रेंगाळले. उजेडासमोर बाटली धरून बघायची त्यांच्या हाताला सवयच होती. तळघराचं पाणी म्हटलं तर पाणीच, पण प्रत्येक घराचं निराळं. तीन नंबरच्या तळाशी चुन्याची भुकटी होती. आठमध्ये गंजाचे कण, कुलूपवाल्याकडे दुसरं काय असणार. पाचमध्ये कोळशाची काळी साय. सात नंबरच्या दहाच्या बाटलीत बारीक पिवळी माती होती. बाराच्या बाटलीतही तीच माती. दोनची बाटली स्वच्छ होती. चारची त्याहून स्वच्छ. आरपार, आरशासारखी. मास्तरांनी ती परत परत फिरवून बघितली. माती एका दुपारीत कुठे गेली?

ते बाटल्या जागेवर ठेवून सात नंबरकडे निघाले.

अक्का ओट्यावर मटार सोलत बसली होती. मास्तर शेजारी बसले आणि त्यांनीही एक शेंग उचलली.

"अक्का, दोनच्या बाटलीत नळाचं पाणी का भरलंस?"

तिचा हात थांबला नाही. "डोळे शाबूत आहेत म्हणायचे तुझे अजून."

"हिरवं होतं?"

"हिरवं? अरे, अंधारात कुणी दिवा पाजळावा तसं. कोपऱ्यातल्या भिंतीतून येत होतं. मी आधी घाबरले. मग पायरीवर बसून बघतच राहिले बराच वेळ. मग बादलीने उपसलं."

मास्तरांच्या हातातली शेंग खाली पडली. "म्हणजे पाणी मोरीचं आहे! नदीचं नाही. मोरीची फूट बुजवली की तळघर कोरडं, पाया नीट, घर उतरवायला नको. अक्का, आणि तू ते उपसून टाकलंस?"

"टाकलं."

"चौघे लागतील म्हणणारी तू."

अक्काने टोपली बाजूला सरकवली. ती मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठी होती, आणि लहानपणी त्यांना खरं सांगायचं असलं की ती अशीच हातातलं काम बाजूला ठेवायची.

"मोरी फुटलेली नाही," ती म्हणाली. "ह्यांनी फोडली होती. आतून, बगलेला, हात जाईल एवढं भोक. त्यावर फळी. साहेबाची खिडकी मोरीच्या मुखावर होती, आठवतं ना? सकाळी पाटीवर जो रंग लिहिला, तोच दिवसभर नदीत पडला पाहिजे. दुसराच पडला की साहेब ओळखायचा, आज हौद बिघडला, आणि खाली यायचा. म्हणून हौद बिघडला की हे फळी काढायचे. सगळं जायचं आपल्या घरामागच्या जुन्या चुन्याच्या खड्ड्यात. आता फळी कुजली असेल. धार तिकडेच जातेय कायमची. खड्डा भरला, आणि पाझरतो अकराच्या अकरा घरांत. आपल्याकडे थेट येतं, बाकीच्यांकडे मातीतून गाळून, म्हणून त्यांच्या बाटल्यांत हिरवं नाही."

"पण हौद बिघडायचा कुणाचा?" मास्तरांनी विचारलं. आणि विचारता विचारताच ते थबकले. रंगघरात रंग कालवणारा माणूस एकच होता.

अक्काने पदराने हात पुसले.

वाफ कमी पडली, मास्तर. पुन्हा कालवा. मुकादम दारात उभे राहून हे म्हणायचे. घरी ते दाजी, पण कामावर मेहुण्यालाही कायम मास्तरच म्हणायचे. महिन्या दोन महिन्यांनी एकदा. मास्तर पुन्हा कालवायचे आणि बॉयलरवाल्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचे. त्या बॉयलरवाल्याशी ते पुढे नीट बोललेसुद्धा नव्हते.

"बावीस वर्षं," अक्का म्हणाली. "लोक म्हणायचे, मास्तरांचा डोळा चुकत नाही. ह्यांना ते ऐकायला आवडायचं. शेवटच्या आजारात मला दोनच गोष्टी सांगितल्या. छपराची कौलं बदलून घे, आणि फळीचं त्याला कळू देऊ नकोस. कौलं मी बदलली."

मास्तरांनी आपली नखं बघितली. नखं आता साधी, पांढरी होती.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"मोजत कोण बसलं होतं?"

"रंग कुठले? गडद, की फिके? फिक्यात चूक सोपी असते."

"अरे, तुला राग यायला हवा."

"येईल. आधी रंग सांग."

अक्काला हसू फुटलं, नको असताना. "एक जांभळट होता. त्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, तुझ्या भावाने आज वांगी शिजवली. राखाडी दोन-तीन वेळा. बाकी मला नाही ठाऊक." मग ती परत गंभीर झाली. "घराचं काय घेऊन बसलास? नवं देणार आहेत, कोरडं, खिडक्या मोठ्या. तुझं नाव गेलं तर ते कुठल्या नकाशात मिळणार?"

"आणि बाकीची दहा घरं?"

"तेच तर घशाखाली उतरेना झालंय," अक्का म्हणाली आणि तिने टोपली परत पुढे ओढली.

हजेरीखोलीच्या दारावरून मास्तर तीनदा पुढे गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणे. दुसरं मन म्हणे, मूठ उघडून आत काय आहे ते तरी बघ. खरं तर त्यांना आत ढकललं ते धीराने नव्हे. त्या राखाडीने. राखाडी दोन-तीन वेळा कशी चुकली, हे त्यांना काही केल्या समजेना, आणि ते बघायचं तर खड्डा उघडायला हवा होता.

आत बाई बाटल्या खोक्यात भरत होत्या, आणि नेमका कुलूपवाला मदतीला. मास्तरांना वाटलं, हा गेल्यावर बोलावं. मग वाटलं, हा गेल्यावर आपण बोलणारच नाही.

"सात नंबरच्या दोन बाटल्या खोट्या आहेत," ते म्हणाले. "तिकडे हिरवं आलं होतं. मोरीला आतून भोक आहे. मी बिघडवलेला रंग मुकादम त्यातून सोडायचे, मागच्या खड्ड्यात. मला आजपर्यंत कळलं नव्हतं. पण रंग माझेच होते."

कुलूपवाल्याच्या हातात बाटली तशीच राहिली. "थांबा, मास्तर. म्हणजे आमच्या तळघरात इतकी वर्षं साचतंय ते तुमच्या चुकांचं पाणी?"

"चुकांच्या वाटेने आलेलं. हो."

"आणि मी नदीला शिव्या देतोय." त्याने बाटली खोक्यात ठेवली. पुढे काहीतरी चमचमीत येणार म्हणून मास्तर वाट बघत राहिले. पण तो एवढंच म्हणाला, "माझी पहार घेऊन येतो."

बाईंनी नकाशा ओढला आणि मास्तरांच्या हातात पेन्सिल दिली. "भोक कुठे, दाखवा. आणि काका, आजींना सांगा, बाटल्यांबद्दल मला राग आलेला नाही. फक्त परत असं करायचं असेल तर थोडी माती घाला म्हणावं."

गुरुवारी सकाळी खात्याची दोन माणसं आली आणि अक्काच्या तळघराची मागची भिंत कोपऱ्यात उघडली. पंपाने खड्डा उपसला, तेव्हा पलीकडे मोरीची बगल दिसली, तिच्यातलं भोक दिसलं आणि फळीचा एक कुजका तुकडा. बाईंनी आत वाकून धार कुठे वळते ते स्वतः बघितलं. मग भोकात वाळूची पोती आणि चिकणमाती कोंबली. वीस मिनिटांनी मुखाशी उभा असलेला कुलूपवाला नदीकाठाने ओरडत आला की पाणी पडतंय, बोटभर, पण पडतंय.

"घरं वाचली?" अक्काने विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार, आजी. शुक्रवारच्या अहवालात ओळ लालमधून काढते आणि पिवळ्यात घालते. पिवळं म्हणजे थांबा आणि बघा. सहा महिने अकरा तळघरांत पाणी मोजायचं, दर आठवड्याला. उतरलं आणि पाया धरून राहिला, तर पायऱ्या मी दुसरीकडे हलवेन. नाही उतरलं, तर मी खोटं लिहिणार नाही."

"मोजणार कोण?"

"सात वर्षं कोळशाने कोण मोजतंय?"

अक्काने मान हलवली. तिला आवडलं होतं, पण दाखवायची तिची पद्धत नव्हती.

मास्तर तोवर खड्ड्यात उतरले होते. जुन्या चुन्याने रंग धरून ठेवला होता. खड्ड्याच्या कडेला थर दिसत होते, बोटाएवढे, कुठे नखाएवढे, एकावर एक. मास्तरांनी बाईंकडून विजेरी घेतली. थरावर पाणी मारायचे, अंगठ्याने चोळायचे आणि बघायचे. वांग्याचा सापडला. तो खरोखरच वाईट होता. राखाडी तीन सापडले, आणि तिन्ही निळ्याकडे झुकलेले.

"उत्तरेची खिडकी," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "ढगाळ दिवशी उजेड निळा यायचा. मला कळायला हवं होतं."

"बाहेर ये आता," अक्का वरून म्हणाली. "सर्दी होईल. एकोणीस वर्षांनी कळून काय उपयोग?"

मास्तर आले नाहीत. ते एका हिरव्या थरापाशी थांबले होते. पाणी मारलं, चोळलं, विजेरी लांब धरली, जवळ धरली, एक डोळा मिटून बघितलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हा बरोबर आहे."

"म्हणजे?"

"हा चुकलेला नाही. आजही कालवला तर मी असाच कालवेन." मग त्यांना धीर पुरला नाही. "बहुतेक. चुन्याने जरा फरक पडतो. पण बहुतेक बरोबर होता."

अक्का गुडघ्यावर हात टेकून भोकाशी वाकली आणि तिने त्या हिरव्या थराकडे नीट बघून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी ह्यांचं चुकलं," ती म्हणाली. "बाई, हेही लिहून घ्या."